तंजावर : चोळांचा दगड, भोसल्यांचा कागद

मदुराई-रामेश्वर-कन्याकुमारीच्या ठरलेल्या सहलींत तंजावरच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. मोठं देऊळ बघायचं, नंदीसमोर फोटो काढायचा आणि बस पुढे निघायची. निदान मराठी माणसाने तरी असं करू नये, असं मला मनापासून वाटतं. या गावात भोसल्यांचं राज्य सुमारे १८० वर्षं होतं आणि त्याच्या खुणा तट-बुरुजांपेक्षा कागदांत, औषधांच्या नोंदींत आणि गाण्या-नाचण्यात जास्त सापडतात. मराठी राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गड उभा राहतो. तंजावरला ते राज्य ग्रंथालयात बसलेलं दिसतं.

माझ्याबरोबर बाबा होते. निवृत्तीनंतर ते मोडी शिकले आणि तेव्हापासून तंजावरचं नाव त्यांच्या तोंडी होतं. जानेवारीचा शेवट आम्ही मुद्दाम निवडला. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस असतो, एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडणं अवघड होतं. जानेवारीत पोंगल होऊन गेलेला असतो आणि कावेरीच्या खोऱ्यात सांबा हंगामाच्या भाताची कापणी चालू असते. चेन्नईपर्यंत आपल्या सोयीने जावं आणि एग्मोर स्टेशनवरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस पकडावी, पहाटे तंजावर येतं. विमानाने यायचं तर तिरुचिरापल्ली जवळचं, तिथून रस्त्याने साधारण ६० किलोमीटर.

पहिला दिवस : मोठं देऊळ

सामान खोलीवर टाकलं, आंघोळी केल्या आणि उजाडताच देवळात गेलो. गावातले लोक बृहदीश्वर म्हणत नाहीत, ‘पेरिय कोविल’ म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ. रिक्षावाल्यालाही हेच सांगावं. प्रवेशाला तिकीट नाही. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि आवारातली फरसबंदी उन्हाने तापते, त्यामुळे दुपारी अकरा ते चार देवळात जाण्याचा विचारच करू नये. शिवाय दुपारी गाभारा बंद असतो.

बाहेरून आत जाताना एकामागून एक दारं लागतात. सर्वांत बाहेरची कमान मराठ्यांच्या काळातली. त्यानंतरचं गोपुर केरळांतकन, चेरांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेलं. त्यापुढचं राजराजन गोपुर, त्याच्या दोन्ही बाजूंना अजस्र द्वारपाल. दक्षिणेतल्या इतर मोठ्या देवळांत गोपुरं उंच आणि विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, लहान असतं. इथे उलट आहे. गोपुरं बसकी आणि विमान सुमारे ६० मीटरच्या वर चढलेलं. राजराजन गोपुराखालून बाहेर आलं की ते एकदम समोर येतं. बाबा थांबले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पहिल्या राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पुरं केलं. आपल्या कारकिर्दीच्या २५ व्या वर्षाच्या २७५ व्या दिवशी त्याने शिखरावर चढवण्यासाठी सोन्याने मढवलेला कलश दिला, अशी नोंद देवळाच्या भिंतीवरच आहे. तंजावरच्या आसपास ग्रॅनाइटच्या खाणी नाहीत, भोवती गाळाची सपाट जमीन. म्हणजे हा सगळा दगड लांबून आणावा लागला. वाटाड्ये दोन गोष्टी हमखास सांगतात : शिखरावरचा दगड अखंड ८० टनांचा आहे आणि विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. सावली पडते, सकाळी आम्ही त्याच सावलीत बसलो होतो. शिखराचा घुमटही अनेक तुकड्यांचा जोडलेला आहे, असं अभ्यासक सांगतात. या दोन गोष्टी वगळल्या तरी देवळाचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

माझ्या मते या देवळाचा खरा खजिना त्याच्या जोत्यावर कोरलेला आहे. विमानाभोवती फिरताना खालच्या थरांकडे बघा, ओळीमागून ओळ तमिळ अक्षरं आहेत. देवाला दिलेले दागिने, मूर्ती, गुरं, दिव्यांसाठीचं तूप, गावांकडून येणारं भात, सगळ्याचा हिशेब. राजाने स्वतः सांगितलं आहे की आम्ही दिलं ते, आमच्या अक्काने दिलं ते, राण्यांनी दिलं ते आणि इतरांनी दिलं ते, सारं दगडावर कोरावं. ही अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. एका शिलालेखात ४०० नर्तकींची यादी आहे. प्रत्येकीचं नाव, ती मूळ कोणत्या देवळातून आली आणि देवळाभोवतीच्या गल्ल्यांत तिला कितवं घर मिळालं. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (धान्याचं जुनं माप) भात उत्पन्नाची जमीन. हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं नाव उरतं, यात नवल नाही. अमुक रांगेतल्या तमुक घरात राहणाऱ्या नाचणारीचं नाव उरलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तमिळ वाचता येत नसलं तरी त्या अक्षरांपाशी थोडं थांबावं.

नंदी मात्र चोळांचा नाही. आज दिसणारा अखंड दगडाचा प्रचंड नंदी आणि त्याचा मंडप मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातला. अम्मनचं, म्हणजे देवीचं, देऊळ पांड्यांचं, सुब्रह्मण्याचं (कार्तिकेयाचं) नाजूक कोरीव देऊळ पुन्हा नायकांचं, आणि गणपतीचं देऊळ मराठा काळात नव्याने बांधलेलं. राजवटी बदलल्या, पण पुढच्याने मागच्याचं मोडलं नाही, आपलं शेजारी मांडलं. सुब्रह्मण्याच्या देवळाचं कोरीवकाम कडेने उन्ह येत असताना बघावं, दगडावर दागिन्याइतकं बारीक काम आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळांच्या काळची भित्तिचित्रं आहेत. नायकांच्या चित्रांखाली ती झाकली गेली होती, १९३१ साली उजेडात आली. त्या मार्गात सर्वांना सोडत नाहीत. आवारातल्या छोट्या संग्रहालयात त्यांची छायाचित्रं लावली आहेत, ती चुकवू नका.

आणि आता आपला मराठी शिलालेख. आवाराच्या कडेने जी लांबलचक ओवरी आहे, तिच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. अक्षरं देवनागरी. सहज वाचता येतात, निदान पुष्कळशी. भाषा बखरीची, वाक्यं लांब, श्वास न घेता पुढे जाणारी. शहाजीराजे, शिवाजीराजे, व्यंकोजीराजे ही नावं कावेरीकाठच्या शिवालयात भिंतीवर वाचताना बाबांचा आवाज चढला. दोन तमिळ मुलं येऊन उभी राहिली. ‘तुम्हाला हे वाचता येतं?’ त्यातल्या एकाने इंग्रजीत विचारलं. बाबांनी त्याला एकेक ओळ वाचून दाखवली आणि मला म्हणाले, ‘अगं, याला आधी शिवाजी महाराजांचं सांग, मग व्यंकोजी सांगू.’ मग आम्ही तिथेच ओवरीत बसून त्या दोघांना दोन सावत्र भावांची गोष्ट सांगितली.

गोष्ट थोडक्यात अशी. शहाजीराजे आणि तुकाबाई मोहिते यांचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना तमिळ इतिहासात एकोजी म्हणतात, ते विजापूरकरांचे सरदार होते. तंजावरच्या नायक घराण्यातल्या वारसाला गादीवर बसवायला ते फौज घेऊन आले आणि १६७५ च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला आलेले शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची कोळ्ळिडम नदीच्या काठी भेट झाली. वडिलांच्या दौलतीची वाटणी हा विषय होता आणि भेट गोड झाली नाही. तरी तंजावरची गादी व्यंकोजींच्याच वंशात राहिली, थेट १८५५ पर्यंत. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं.

संध्याकाळी पुन्हा देवळात गेलो. त्या वेळी गावातली कुटुंबं येऊन हिरवळीवर बसतात, पोरं पळापळी करतात, मावळतीच्या उन्हात दगड मधाच्या रंगाचा होतो. सकाळचं देऊळ आणि संध्याकाळचं देऊळ दोन्ही बघावीत.

दुसरा दिवस : राजवाडा आणि सरस्वती महाल

हा दिवस आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा होता. राजवाड्याला इथे ‘अरण्मनै’ म्हणतात. नायकांनी बांधायला घेतलेला, मराठ्यांनी वाढवलेला. मजल्यावर मजले चढलेला मनोरा, घंटाघर, रंगवलेल्या कमानींचा मराठा दरबार, वर जुन्या चित्रांचे रंग. वाड्याचा काही भाग नीट राखलेला आहे, काही भागांत पोपडे आलेत, झाडं उगवलीत. एवढ्या मोलाच्या वास्तूला याहून जास्त काळजी मिळायला हवी, हे बघताना सतत वाटत राहतं.

नायकांच्या दरबारात आता कलादालन आहे. १९५१ साली सुरू झालं. चोळ काळातल्या कांस्यमूर्ती बघायला जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत लोक जातात, इथे त्या ज्या मातीत ओतल्या गेल्या त्याच मातीत उभ्या आहेत. एका मूर्तीपुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव, १०११ सालचा. डोक्याला जटांचं मुंडासं, त्यात नाग. एक पाय दुसऱ्यावर सहज टाकलेला आणि उजवा हात बाजूच्या बैलावर टेकलेला. पण बैल नाही. तो केव्हाच हरवला, तरी हाताच्या विसाव्यावरून आणि कमरेच्या बाकावरून तो तिथे आहे असंच वाटतं. शेजारी १०१२ सालची पार्वती. ओतणाऱ्यांनी राजाराणीचं नव्हे, निवांत उभ्या असलेल्या जोडप्याचं रूप धातूत उतरवलं आहे. या दालनाला निदान दीड तास द्या आणि गर्दीच्या आधी जा.

याच दरबारात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने घडवलेला. पायघोळ अंगरखा, डोक्यावर टोकदार पगडी, हात जोडलेले. या माणसाबद्दल आपल्याकडे शाळेत एक ओळही शिकवत नाहीत, याची मला खंत आहे.

सरफोजी दत्तक आले. तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतलं आणि थोड्याच दिवसांत तुळजाजी वारले. गादीवर दुसऱ्याचा हक्क सांगितला गेला. मुलाचं संगोपन ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने केलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. त्यांच्याकडे उरला तंजावरचा किल्ला आणि तनखा. तलवार गेली, महसूल गेला, सैन्य गेलं. अशा वेळी एखाद्याने उरलेलं आयुष्य शिकारीत आणि मेजवान्यांत घालवलं असतं. या राजाने पुस्तकं जमवली.

सरस्वती महाल ग्रंथालयाचं मूळ नायकांच्या काळातलं, पण त्याला आजचं रूप सरफोजींनी दिलं. १९१८ पासून ते सर्वांना खुलं आहे. ताडपत्रं आणि कागद मिळून सुमारे ४९ हजार ग्रंथ, त्यांतली बहुतेक हस्तलिखितं संस्कृतातली, बाकी तमिळ, मराठी, तेलुगू. मराठी हस्तलिखितंच ३ हजारांच्या वर, त्यांत रामदासी आणि दत्तसंप्रदायाच्या मठांतून आलेली पुष्कळ. समर्थांचे शिष्य भीमस्वामी तंजावरात येऊन राहिले होते, त्या परंपरेचा हा ठेवा. शिवाय मोडीतल्या दरबारी कागदांचे १३०० हून जास्त रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. युरोपातून मागवलेली इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, डॅनिश पुस्तकं साडेचार हजारांच्या आसपास, आणि त्यांवर राजाने स्वतः केलेल्या सह्या. काशीयात्रेला गेले तेव्हाही त्यांनी हस्तलिखितं गोळा करून आणली.

सामान्य पाहुण्याला ग्रंथालयाचं संग्रहालय बघता येतं, मूळ संग्रह अभ्यासकांसाठी असतो. फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण माणसं बघत थांबतात. छोट्या ताडपत्रावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला मजकूर, जुने नकाशे, माणसांचे आणि पशुपक्ष्यांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून केलेली शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं, हत्ती-घोड्यांच्या रोगांवरचे ग्रंथ. बाबा एका मोडी कागदासमोर वाकून उभे होते. पहिली ओळ त्यांनी बोटाने हवेत गिरवली आणि मग हळूहळू वाचली. हिशेबाचाच कागद होता. ‘तुझ्या आजोबांच्या वहीत असंच असायचं गं,’ ते म्हणाले.

या मोडी कागदांवर इथल्या तमिळ अभ्यासकांनी मोठं काम केलं आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांची तमिळ भाषांतरं छापली. मराठीत मात्र या दप्तरावर जेवढं काम व्हायला हवं तेवढं झालेलं नाही. ज्यांना मोडी येते आणि वेळ आहे, त्यांनी इथे येऊन अभ्यासक म्हणून नाव नोंदवावं, हे मी अगदी कळकळीने सांगते.

सरफोजींची आणखी एक संस्था होती, धन्वंतरी महाल. सिद्ध (तमिळ परंपरेतलं वैद्यक), आयुर्वेद, युनानी आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार तिथे एकत्र काम करत. खात्रीची औषधं तमिळ पद्यांत बांधून ठेवली, म्हणजे वैद्यांना पाठ करता यावीत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आहेत, आजारी डोळ्यांच्या चित्रांसह. राजाने शाळा काढल्या, देवनागरीचा छापखाना काढला, त्यावर इसापच्या नीतिकथा मराठीत छापल्या. मुलांना जगाचा भूगोल कळावा म्हणून मराठीत एक कुरवंजी नाटक लिहिलं, त्यात डोंगरात राहणारी कुरवंजी पृथ्वीवरचे देश आणि नद्या सांगते. महाराष्ट्रात पेशवाई शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा इथे हे चाललं होतं.

दुपारी आम्ही जेवायला एका मराठी घरी गेलो. बाबांच्या मोडी वर्गातल्या ओळखीने आमंत्रण आलेलं. राजवाड्याभोवतीच्या जुन्या वस्तीत अशी घरं अजून आहेत. घरात बोलली जाणारी मराठी आपल्याला कळते, फक्त हेल तमिळ आणि काही शब्द जुन्या वळणाचे. काकूंनी पानात उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी वाढली, चिंचेच्या आंबटाची वांग्याची पिटलै वाढली आणि बाबांना विचारलं, ‘तुमच्याकडे अजून दांडपट्टा खेळतात का?’ त्यांच्या घराण्यात महाराष्ट्रात कुणी कधी आलेलंच नव्हतं. सांबाराला संभाजीराजांचं नाव जोडणारी आणि ते तंजावरच्या मुदपाकखान्यात जन्मलं असं सांगणारी कथाही ओघाने निघाली. तिला आधार काही नाही, पण जेवणावर ती चांगली लागते.

संध्याकाळी शिवगंगा बागेशेजारचं श्वार्ट्झ चर्च बघितलं, १७७९ चं. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. आतमध्ये फ्लॅक्समननेच घडवलेलं एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजी. श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत गेला, आणि सरफोजी गादीवर आले त्याच वर्षाच्या मध्यावर. ज्याने वाढवलं त्याने राज्यारोहण बघितलं नाही. राजाने आपला धर्म सोडला नाही आणि गुरूचं ऋणही विसरला नाही, हे त्या शिल्पात स्पष्ट दिसतं.

तिसरा दिवस : कुंभकोणमच्या वाटेवर

या दिवसासाठी गाडी ठरवावी. पहाटे निघून आधी लांबचं गंगैकोंडचोळपुरम गाठलं, तंजावरपासून साधारण ७० किलोमीटर. राजराजाचा मुलगा राजेंद्र याने गंगेपर्यंत फौजा पाठवल्या, हरलेल्या राजांकडून गंगेचं पाणी आणवलं आणि नवी राजधानी वसवली. ते पाणी जिथे ओतलं त्या तलावाला ताम्रपटात ‘गंगाजलमय जयस्तंभ’ म्हटलं आहे, पाण्याचा विजयस्तंभ. राजधानी पुरती नाहीशी झाली. भातशेतीच्या मध्ये एकटं देऊळ उभं आहे. विमान बापाच्या देवळापेक्षा थोडं कमी, सुमारे ५५ मीटर, आणि त्याच्या कडा आत वळलेल्या आहेत, त्यामुळे तंजावरचा करारीपणा इथे मऊ होतो. उत्तरेच्या पायऱ्यांजवळ शिव आपल्या हाताने चंडेश या भक्ताच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतो आहे, ते शिल्प बघायलाच हवं. चंडेशाच्या रूपात राजेंद्रच आहे, असं काही अभ्यासक मानतात. १९ व्या शतकात कोळ्ळिडमवर बंधारा बांधताना या देवळाच्या तटाचे दगड नेले गेले. भिंतीशिवायचं मोकळं आवार म्हणून उरलं.

परतताना दारासुरम. दुसऱ्या राजराजाचं, १२ व्या शतकातलं ऐरावतेश्वर. तंजावरचं देऊळ लांबून बघावं, हे अगदी नाकाजवळ घेऊन. मंडपालाच चाकं आणि धावते घोडे लावून त्याचा रथ केला आहे. खांबांवर वीतभर चौकटींत नर्तकी, कुस्तीगीर, पुराणकथा. एका शिल्पात डोकं एकच, पण डावीकडून बघितलं तर बैल आणि उजवीकडून हत्ती. जोत्याच्या पट्टीवर ६३ शैव संतांच्या गोष्टी कोरल्या आहेत. त्यांतली सुंदररांची गोष्ट शोधा, मगरीच्या तोंडातून मूल परत येतं ती. संतांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी माणसाला वाटाड्याशिवायही इथे करमतं.

ही दोन्ही देवळं आणि तंजावरचं मोठं देऊळ मिळून युनेस्कोची एकच नोंद आहे. तंजावर १९८७ मध्ये, बाकीची दोन २००४ मध्ये घेतली.

कुंभकोणममध्ये महामहम तलावाचा काठ बघितला आणि पितळी डबरा-पेल्यातली कॉफी प्यालो. गावाला खरं तर वेगळा दिवस हवा. जवळच तिरुविसनल्लूर आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये ते ४६ विद्वानांना इनाम दिलं, म्हणून त्याचं एक नाव शहाजीराजपुरम. हे शहाजीराजे स्वतः तेलुगू आणि मराठीत नाटकं लिहीत. त्याच पंचक्रोशीत गोविंदपुरमला विठ्ठलाचं भव्य देऊळ आहे. तमिळ भजनी मंडळं तुकोबांचे अभंग म्हणतात, हे ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष ऐकताना आधी आपली ओळ ओळखू येत नाही, मग ‘सुंदर ते ध्यान’ लागतं आणि आपण नकळत म्हणायला लागतो. इथल्या हरिकथेची घडणसुद्धा मराठी कीर्तनातून झाली आहे, त्यात आजही साकी, दिंडी, ओवी येते.

शेवटचा थांबा स्वामीमलै. इथे स्थपतींची, म्हणजे मूर्तिकारांची, घरं आहेत आणि मेण गाळून मूर्ती ओतण्याची रीत चोळांच्या काळापासून चालू आहे. मेणात राळ मिसळून मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर देतात, सुकलं की भाजतात. मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडायचा असल्याने एका साच्यातून एकच मूर्ती निघते. मापं घ्यायला नारळाच्या झावळीची पट्टी दुमडून वापरतात. एक वयस्क स्थपती भट्टीपाशी बसून शिष्याला नुसत्या नजरेने सांगत होते. कालच्या वृषभवाहनाचा मी उल्लेख केला तर त्यांनी उठून हात तसा बाजूला टेकवून दाखवला. विकत काही घ्यायचं नसलं तरी काम बघू देतात. मोठ्या दुकानांपेक्षा अशा घरांत जावं.

चौथा दिवस : तिरुवैयारू आणि गाव

तिरुवैयारू तंजावरपासून १३ किलोमीटर. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार संत त्यागराज इथे राहिले आणि १८४७ मध्ये इथेच गेले. कावेरीकाठी त्यांची समाधी आहे. सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं तर त्यांनी नकार दिला, असं परंपरा सांगते. समाधीचं देऊळ बंगळुरू नागरत्नम्मा यांनी आपली कमाई घालून बांधवलं. त्या देवदासी घराण्यातल्या, आणि त्या काळी आराधनेत, म्हणजे त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या उत्सवात, बायकांना गाऊ देत नसत. त्यांनी आपला हक्क मिळवला. त्यांचा पुतळा समाधीसमोर आहे, त्यागराजांकडे तोंड करून. पौष महिन्यातल्या वद्य पंचमीला इथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या पाच प्रसिद्ध रचना, पंचरत्न कृती, म्हणतात. ज्यांना जमेल त्यांनी त्याच सुमारास यावं, फक्त राहण्याची सोय फार आधी करावी. आम्ही गेलो त्या सकाळी एकच मुलगी पुस्तक उघडून गात होती. येताना मूगडाळीचा अशोका हलवा घेतला. तुपात निथळणारा, गरमच खावा.

कल्लणै, म्हणजे करिकाल चोळाने बांधला असं मानला जाणारा जुना बंधारा, वेळ असेल तरच करावा. दगड मातीत रोवून कावेरी आणि कोळ्ळिडम यांचं पाणी वाटून देण्याची ही युक्ती समजून घ्यायला बाबांना फार आवडलं. मला पुलाच्या वर्दळीत फार काही दिसलं नाही.

दुपारनंतर गावात कारागिरांकडे फिरलो. वीणा फणसाच्या लाकडाची. भोपळा, दांडी आणि टोकाचं याळीचं (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं) तोंड कोरायचं, मग २४ पडदे मेणात बसवायचे. एका कारागिराने मेण कोमट असताना पडदा केसभर सरकवून सूर लावून दाखवला. चित्रकारांकडे देवांच्या पाटांवर खडूची पूड आणि डिंक यांचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. घ्यायचं असेल तर वर्ख खरा आहे का हे विचारावं, किंमत त्यावरच ठरते. याच गावात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी सरफोजींच्या दरबारी असताना भरतनाट्यमचा आजचा क्रम बसवला. देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या त्या ४०० जणींची कला पुढे या हातांतून गेली. आज मुंबई-पुण्यात मुली अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत जे शिकतात, ते इथे मराठी राजाच्या पदरी ठरलं.

आमचं ओरत्तनाडूचं मुक्ताम्बाळ छत्र, म्हणजे धर्मशाळा, आणि समुद्रकाठचा मनोरा राहिला, दोन्ही सरफोजींनी बांधलेले. ते एकाच रस्त्यावर आहेत, गाडीने एका दिवसात होतात. ज्यांच्या हाती पाच दिवस आहेत त्यांनी कुंभकोणमला एक रात्र राहावं, म्हणजे तिसऱ्या दिवसाची दमछाक होत नाही आणि शेवटचा दिवस या रस्त्याला मोकळा मिळतो. बाबांनी तर ग्रंथालयातून अभ्यासकांसाठीचा अर्ज आणलाच आहे. पुढच्या थंडीत ते महिनाभर राहायचं म्हणताहेत.